गूळ शेवटी!

रविवारी सकाळी सव्वासहाला फोन वाजला तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. माझी धाकटी जाऊ एवढ्या लवकर कधी फोन करत नाही. त्या वेळी तिच्या गोठ्यात धारा चालू असतात.

"ताई, सगळं मटण कोळसा झालं," ती म्हणाली आणि पुढे नुसते हुंदकेच ऐकू आले.

आमचं सासर मावळात, पवनानगरच्या पुढे. मी नोकरीमुळे तळेगावात राहते, धाकटी गावीच. पवना धरणाच्या काठाला गेल्या काही वर्षांत जिकडेतिकडे तंबू उभे राहिलेत. शनिवार आला की मुंबई-पुण्याहून गाड्याच गाड्या. रात्री शेकोटी, गाणी आणि बार्बेक्यू. तंबू लावणारे वेगळे आणि स्वयंपाक करून देणाऱ्या बहुतेक आमच्या गावातल्या बायका. माझ्या जावेनं चार वर्षांपूर्वी पिठलं-भाकरी आणि चिकनच्या रश्श्यावर सुरुवात केली. हात चवीचा, वेळेला पक्की, त्यामुळे तिच्याकडे हळूहळू बऱ्या ऑर्डरी येऊ लागल्या.

त्या शनिवारची ऑर्डर मात्र निराळी होती. सोळा माणसं, आणि त्यांना हवं होतं 'चायनीज बार्बेक्यू', मटण आणि पोर्क दोन्ही, वरून गोड चकचकीत सॉस लावलेलं. पोर्क ते स्वतःच पुण्याहून बर्फाच्या पेटीत घेऊन येणार होते. जावेनं होकार दिला. मुलीच्या नर्सिंगच्या फीचा दुसरा हप्ता तोंडावर आला होता.

घरात चालणार नाही...

हा होकार तिला किती जड गेला, ते आमच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, तीस वर्षांच्या माळकरी. दर आषाढीला वारी, एकादशी कडक. त्यांच्या चुलीवर कधी अंडंसुद्धा शिजलेलं नाही. मटण-कोंबडी करायची तर गोठ्यामागे तीन दगडांची वेगळी चूल, वेगळी भांडी, आणि करणाऱ्या बाईनं आंघोळ करूनच घरात पाऊल टाकायचं, ही रीत. मावळात अशी घरं तुम्हाला गावोगाव दिसतील. आपल्या देहूच्या तुकोबांचा मुलूख ना हा!

डुकराचं मांस तर त्या तीन दगडांपर्यंतसुद्धा कधी पोचलं नव्हतं. भाऊजींनी स्पष्टच सांगितलं, "त्याचं भांडं या घरात येणार न्हाय." जावेनं वाद घातला नाही. कामशेतच्या बाजारातून एक नवं पातेलं, सुरी, लाकडी पाट आणि लोखंडी जाळी आणली आणि सगळं तंबूवाल्याच्या पत्र्याच्या खोलीतच ठेवलं. थोरल्या मुलानं मोबाइलवर बघून कृती वाचून दाखवली. मध, साखर, सोया सॉस, सगळं एकत्र कालवून मांस रात्रभर मुरत ठेवायचं आणि भाजायचं. तिनं तसंच केलं. फक्त कृती लिहिणाऱ्याकडे भट्टी होती आणि हिच्याकडे घमेल्यातले लालबुंद निखारे.

दहा मिनिटांत मांस बाहेरून काळंठिक्कर झालं. कापून बघितलं तर आत लाल, कच्चं. पाहुणे नूडल्स खाऊन झोपले. सकाळी हिशोबात निम्मे पैसे कापले गेले.

मी दुपारच्या गाडीनं गावी गेले.

आत्याबाईंचा एकच प्रश्न

ओसरीवर आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. जाऊ खांबाला टेकून घडलेलं पुन्हा सांगत होती. मला वाटलं, आता बोलणी बसणार. आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं,

"गोड कवा घातलं?"

"आधीच, आत्याबाई. रातच्यालाच कालवून ठिवलं हुतं."

"आगं मग करपंल न्हाय तर काय हुईल? चिक्कीला दाणं आधी भाजून घेत्यात, का कच्चं दाणं पाकात शिजवत्यात?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

आत्याबाईंचं अर्धं आयुष्य लोणावळ्याला चिक्कीच्या कामात गेलंय. शेंगा फोडण्यापासून सुरुवात केली आणि पुढे पाकाच्या कढईपाशी पोचल्या. मळवलीपर्यंत चालत, तिथून लोकल. लोणावळ्याच्या बाजारपेठेत आज शेंगदाण्याची, तिळाची, काजूची, राजगिऱ्याची, नाना तऱ्हेची चिक्की दिसते, पण सगळ्यांचं मूळ आपली गुडदाणी. गूळ आणि दाणे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, मुंबईची आणि पुण्याची माणसं या वाटेनं जाऊ-येऊ लागली आणि लोणावळ्याच्या गोडाला गिऱ्हाईक मिळालं.

चिक्की करणाऱ्या बाईला जे डोळे मिटून कळतं, तेच या चिनी भाजणीचं मर्म आहे. दाण्याचं भाजणं वेगळं, गुळाचं शिजणं वेगळं आणि दोघांची गाठ अगदी शेवटी. मांसाला शिजायला वेळ लागतो. साखरेला करपायला लागत नाही. साधी साखर १६० अंश सेल्सिअसच्या आसपास तांबूस होऊ लागते. मधातली फळसाखर तर ११० अंशांनाच रंग धरते. धगधगत्या निखाऱ्यांचं तापमान याच्या कितीतरी वर असतं. म्हणजे मध लावलेला कच्चा तुकडा निखाऱ्यावर धरला की बाहेरचा थर जळणारच, आतला रस मात्र जागचा हलतही नाही.

"मी त्याला हात लावनार न्हाय," आत्याबाई म्हणाल्या, "पन पाक माज्याकडनं शिकून घे. पाक काय आमिष न्हाय."

'चार सिऊ' म्हणजे काय?

आता हा पदार्थ मुळात कुठला, ते बघू. चीनच्या दक्षिणेला ग्वांगडोंग प्रांत आहे, जुनं नाव कँटन. तिथल्या बोलीत त्याला म्हणतात 'चार सिऊ'. 'चार' म्हणजे काटा आणि 'सिऊ' म्हणजे भाजणं. पोर्कच्या लांब पट्ट्या लोखंडी काट्यांना अडकवून भाजायच्या म्हणून हे नाव. हाँगकाँग-सिंगापूरला जाऊन आलेल्या कुणाला विचारा, दुकानांच्या काचेमागे लालसर, चकाकणाऱ्या मांसाच्या पट्ट्या टांगलेल्या असतात, तेच ते. सोया सॉस, पाच मसाल्यांची पूड, सोयाबीनची आंबवलेली चटणी आणि वर मध किंवा धान्यापासून केलेल्या चिकट साखरेचा लेप. लाल रंग पूर्वी आंबवलेल्या लाल तांदळाचा असे. आता पुष्कळ ठिकाणी डबीतला रंग वापरतात.

कँटनचे आचारी मुरवणातही साखर घालतात हे खरं. पण त्यांचं मांस उंच भट्टीत टांगलेलं असतं. आच चहूकडून येते, ज्वाळा थेट लागत नाहीत. शिवाय मधाचा हात शेवटच्या टप्प्यातच फिरवतात. आपल्या घमेल्यात मांस आणि निखारे यांच्यात वीतभर अंतर. चरबी खाली ठिबकली की भडका उडतो. म्हणून आपल्याला गोडाबाबत जास्त शिस्त पाळायला हवी.

आणि मटणाचं काय? चीनमध्ये मेंढीचं मांस मुख्यतः उत्तरेकडचं, पश्चिमेकडचं, विशेषतः तिथल्या मुसलमान समाजाचं. शिनजियांग भागात जिरं आणि मिरची लावून सळईवर कोकराचं मांस भाजतात. आपल्या सीखकबाबाचं सख्खं भावंडच! बीजिंगच्या मुसलमानी स्वयंपाकात मेंढीच्या मांसाचा एक गोड पदार्थ आहे, त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'मधासारखं'. तेव्हा मटण आणि गोड ही जोडी ऐकून नाक मुरडू नका. आपणही कोल्हापुरी रश्शात सुक्या खोबऱ्याची आणि भाजलेल्या कांद्याची गोडी घालतोच की.

आपलंच उसनं

आत्याबाईंना मी हे सांगत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या चिनी लोकांस्नी गूळ कुणी शिकवला?"

उत्तर ऐकून तुम्हालाही गंमत वाटेल. चीनच्या जुन्या इतिहासात नोंद आहे, की इसवी सन ६४७ मध्ये तांग घराण्याच्या ताइझोंग सम्राटानं मगधाला, म्हणजे आजच्या बिहारकडे, माणसं पाठवली. कशासाठी? तर उसाच्या रसापासून साखर कशी कढवायची ते शिकून येण्यासाठी! ऊस त्यांच्याकडे होता, पण कढवण्याची आपली हातोटी त्यांना हवी होती.

पुढे अकराशे वर्षांनी उलटा प्रवास झाला. अठराव्या शतकाच्या शेवटी, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, तोंग अच्यू नावाचा एक चिनी माणूस कलकत्त्याजवळ हुगळीकाठी येऊन राहिला. त्यानं तिथे उसाचा मळा लावला आणि साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही त्याच्या नावावरून अचिपूर म्हणतात. भारतात येऊन वसलेल्या पहिल्या चिनी लोकांत त्याची गणना होते. त्याच्यामागून आणखी चिनी कुटुंबं कलकत्त्यात आली. त्यांच्या स्वयंपाकाला भारतीय मिरची-मसाल्याची फोडणी बसली आणि आपल्याकडच्या 'चायनीज'ची सुरुवात झाली. मुंबईत नेल्सन वाँग यांचं चिकन मंचुरियन १९७५ च्या सुमाराचं. तिथून मग आपल्या बस स्टँडवरच्या लाल गाडीपर्यंत ते कसं पोचलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे.

सगळं ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "मंग आपलंच उसनं परत आलं म्हना की!"

पोर्क की मटण?

मैत्रिणींनो, ही ज्याच्या त्याच्या घरची गोष्ट आहे. वसईच्या, गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पोर्कशिवाय नाताळ होत नाही. व्हिनेगर-लसणातलं विंदालू, सोरपोतेल हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैभव. मुसलमान घरांत ते निषिद्ध. पुष्कळ हिंदू घरांतही चालत नाही. तुमच्या घरी चालत नसेल तर इथून पुढे 'मटण' एवढंच वाचा. कृतीत फारसा फरक नाही.

ज्या घरी ते चालतं किंवा ज्यांना पाहुण्यांसाठी करावं लागतं, त्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. मांस खात्रीच्या, थंड साठवणीच्या दुकानातूनच घ्यावं. ते आत कुठेही कच्चं राहू देऊ नये, कारण अर्धकच्च्या पोर्कमधून पट्टकृमी पोटात जाऊ शकतात. मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस तापमान गाठलं की निर्धास्त. स्वयंपाकाचा थर्मामीटर आता महाग राहिलेला नाही. व्यवसाय करत असाल तर घेऊनच ठेवा. आणि तिसरं म्हणजे कच्च्या मांसाचा पाट, सुरी आणि ब्रश शिजलेल्या मांसाला लावू नये. ही तिसरी गोष्ट चिकन-मटणालाही तितकीच लागू.

मटणाबद्दल एक खुलासा. पुस्तकात 'लॅम्ब' लिहिलेलं असतं ते वर्षाच्या आतल्या कोकराचं, लोण्यासारखं कोवळं मांस. आपल्याकडे मटण म्हणून मिळतं ते बहुधा बोकडाचं. चवीला उत्तम, पण चिवट. ते थेट निखाऱ्यावर टाकलं तर दात दुखतील. त्याला आधी कुकर दाखवायलाच हवा. धनगरांकडचं मेंढीचं कोवळं मटण मिळालं तर सोन्याहून पिवळं.

पाकाची शाळा

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी घरातल्या चुलीवर लोखंडी कढई चढवली. नियम आधीच सांगून टाकला. पाक घरात होईल, डब्यात भरून बाहेर जाईल, पण बाहेर गेलेला डबा परत आत येणार नाही.

किराणा दुकानात दोन तऱ्हेचा गूळ मिळतो, हे संक्रांतीच्या लाडवांमुळे आपल्याला ठाऊक आहे. साधा गूळ आणि चिक्कीचा गूळ. चिक्कीच्या गुळाला ताण असतो, चकाकी असते, पण थंड झाला की तो कडक होतो. नुसता तोच वापरला तर मांसावर काच बसल्यासारखं होईल. साधा गूळ मऊ राहतो, पण त्याला तितकी झळाळी नाही. आत्याबाईंनी दोन्ही निम्मे निम्मे घेतले. गूळ पाण्यात विरघळवून आधी फडक्यानं गाळला, कारण गुळात कधी खडा-चिपाड निघतं. मग मंद आच.

"बग, आता फेस मोठा हाय. म्हंजे पानी हाय अजून." थोड्या वेळानं, "आता फेस बारीक झाला. आता ध्यान दे." बोटांत पाकाची एक तार आली की कढई खाली. चिक्कीला याच्या खूप पुढे जायचं असतं. पाण्यात टाकलेला थेंब कडक होऊन टच्‌कन मोडायला हवा. आपल्याला मात्र एका तारेवरच थांबायचं, कारण बाकीचा पाक मांसावर, निखाऱ्याच्या धगीवर होणार आहे. इथे पुढे गेलात तर ब्रशच चिकटून बसेल.

पाक कोमट झाल्यावर जावेनं त्यात सोया सॉस, व्हिनेगर आणि ठेचलेला लसूण घातला. आंबटामुळे गुळाचा गुळचटपणा मोडतो. थोडा मध घातला तो चवीपुरता. महाबळेश्वरचा चांगला मध निखाऱ्यावर जाळण्यात अर्थ नाही. मुख्य काम गुळाचंच.

अशी करा मावळी 'चार सिऊ'

साहित्य : हाडाशिवायचं खांद्याचं मटण किंवा पोर्क १ किलो. दोन बोटं जाड, वीतभर लांब पट्ट्या.

मुरवण : सोया सॉस ४ मोठे चमचे, आलं-लसूण वाटण २ मोठे चमचे, व्हिनेगर १ मोठा चमचा, काश्मिरी मिरची पूड १ छोटा चमचा, पाच मसाल्यांची पूड १ छोटा चमचा, तेल १ मोठा चमचा. सोया सॉस खारट असतो, त्यामुळे मीठ चाखूनच, तेही सॉसची चव घेऊन. साखर, गूळ, मध इथे अजिबात नको.

पाच मसाले : चक्रीफूल २, दालचिनीचा बोटभर तुकडा, लवंगा ६, बडीशेप १ छोटा चमचा आणि तिरफळं ४-५. हलकं भाजून पूड करा. चिनी लोक सिचुआन मिरी घालतात. आपलं कोकणातलं तिरफळ तिचंच भाऊबंद आहे, जिभेला तशाच मुंग्या आणतं. बिया काढून फक्त टरफलं घ्या.

पाक : साधा आणि चिक्कीचा गूळ मिळून १ वाटी, पाणी पाव वाटी, सोया सॉस २ मोठे चमचे, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस १ मोठा चमचा, मध १ मोठा चमचा, लसूण ३ पाकळ्या.

कृती : मांसाला मुरवण चोळून किमान चार तास, जमल्यास रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. आपल्याकडे वीज जाते, तेव्हा फ्रिजचा भरवसा नसेल तर बर्फाच्या पेटीत ठेवा, ओट्यावर नको.

बोकडाचं मटण मुरवणासकट अर्धी वाटी पाणी घालून कुकरमध्ये तीन शिट्ट्या करा. पोर्क जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास पूर्ण शिजवा. दोन्ही मऊ व्हावं, पण पट्टी मोडू नये. बाहेर काढून कोरडं होऊ द्या. खाली उरलेला रस टाकू नका.

घमेल्यात निखारे एका बाजूला ओढा. दुसरी बाजू रिकामी ठेवा. पट्ट्या आधी निखाऱ्यांच्या बाजूला दोन्हीकडून भाजून रंग आणा, मग रिकाम्या बाजूला सरकवा. आता, फक्त शेवटची पाच-सात मिनिटं, पाकाचा पातळ हात फिरवा. मिनिटभरानं उलटा, पुन्हा हात. असे तीन थर. पाक बुडबुडला आणि चकाकला की झालं. काळा ठिपका दिसला की लगेच बाजूला घ्या. करपलेला भाग कापून टाका, तो खाऊ नये.

पाच मिनिटं थांबून धाग्याच्या आडव्या दिशेनं कापा. घरात शेगडी पेटवणं शक्य नसेल तर बिडाच्या तव्यावर हेच करा. क्रम तोच, गूळ शेवटी.

कुकरमधला उरलेला रस चांगला उकळून, त्यात दोन चमचे पाक घालून आटवा आणि गरम इंद्रायणी भातावर ओता. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार झालेला हा आपल्या घरचा तांदूळ. चिनी लोकांनाही चार सिऊबरोबर किंचित चिकट भातच लागतो. इंद्रायणी इतका चपखल दुसरा सापडणार नाही!

दुसरी ऑर्डर

तीन आठवड्यांनी तशीच ऑर्डर पुन्हा आली. या वेळी बारा माणसं. मी मुद्दाम रजा टाकून गेले. मांस दुपारीच शिजवून तयार, पाकाचा डबा तयार, फक्त भाजणं बाकी. रात्री आठला पहिला थर लावला आणि पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यात तो गोड-खरपूस वास असा पसरला, की शेजारच्या तंबूतली माणसंही विचारायला आली.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. साडेनऊला पावसाची अवकाळी सर आली, थंडी वाढली. पाहुण्यांपैकी दोघं म्हणाले, "मावशी, ती शेगडी तंबूतच आणा ना, ऊबही मिळेल." जावेनं हात जोडले. "दादा, पैसं नका देऊ पायजे तर, पन निखारे आत येनार न्हाईत." बंद जागेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. तंबू असो, बंगल्याची खोली असो की गाडी, निखारे उघड्यावरच. पावसाळ्यात लोणावळ्याच्या बंगल्यांमध्ये स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक बाईनं हे पाठ करून ठेवावं आणि पाहुण्यांना ठणकावून सांगावं. पाहुणे थोडे नाराज झाले, मग पत्र्याच्या उघड्या पडवीत उभे राहून खाऊ लागले. बोटं चाटत होते!

या वेळी पैसे पूर्ण मिळाले. सोमवारी जाऊ वडगावला गेली आणि फीचा हप्ता भरून आली. पावती तिनं देवाच्या फोटोमागे ठेवली.

भाऊजींचा विरोध मावळलाय असं नाही. पोर्कचं भांडं आजही घरात येत नाही आणि येऊही नये असं जावेलाच वाटतं. आत्याबाईंनी त्या दिवशी ओसरीवर सांगितलं ते तिनं मनाशी धरलंय. "तुजा धंदा हाय, माजी माळ हाय. दोनी नीट ऱ्हायलं म्हंजे झालं."

त्या रविवारी दुपारी आत्याबाईंनी आपल्या चुलीच्या राखेत रताळी पुरली. भाजून निघाल्यावर सालं काढून जाड चकत्या केल्या आणि कढईत राहिलेल्या नुसत्या गुळाच्या पाकात, सोया-लसूण घालण्याआधी काढून ठेवलेल्या, त्या घोळवून पुन्हा मिनिटभर तव्यावर टाकल्या. वरून लिंबू. नातीच्या हातात पहिली चकती देत म्हणाल्या, "बग, रताळं बी आधी भाजलं, मंग गूळ."

तुमच्याकडे मटण-पोर्क काहीच चालत नसेल तर निदान हे रताळं नक्की करून बघा.